आज आवतन घ्या

रतिलालने छपाईचं ट्रेडल थांबवलं, चिंधीला हात पुसले आणि माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "अभिमनभाऊ, उद्या पोळा. रविवारच आहे. घरी जेवायला या." मशीनचं चाक आपल्याच जोरावर अजून दोन-तीन फेरे फिरत होतं. गणपतीच्या एका मंडळाची कार्यक्रमपत्रिका मी जुळवत होतो. 'भव्य आरास' मधल्या 'स'चा शिशाचा खिळा माझ्या चिमटीत होता, तो खाली पडला. जळगावच्या या प्रेसमध्ये आठ वर्षं मी खिळे जुळवतो आहे आणि माझ्या हातून खिळा पडलेला कुणी पाहिलेला नाही. माझी जी काही अब्रू आहे ती एवढीच. रतिलालने वाकून तो उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच घाबरून हलली, ते माझं मलाही कळलं नाही. त्याने होकार धरला आणि शाईचा शर्ट बदलायला तो मागच्या खोलीत गेला.

तेहेतीस वर्षांच्या माणसाला कुणी जेवायला बोलावलं तर त्यात एवढं दचकण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण मला कुणी बोलावत नाही, आणि कुणी बोलावू नये याची तजवीज मी स्वतःच नीट करून ठेवलेली आहे. मला पोटाचा विकार आहे असं मी प्रेसमध्ये पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. डबा मी कागदांच्या रिमांमागे बसून खातो. चहा भिंतीकडे तोंड करून पितो. गाव कुठलं विचारलं तर सोनगीर सांगतो, आई-बाप नाहीत म्हणतो, आणि यात खोटं काही नाही. फक्त पहिली सात वर्षं गाळलेली आहेत. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका मात्र रोज माझ्याच हातून जातात. 'तरी आपण सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे' ही ओळ इतक्यांदा लागते की ती मी जुळवून दोऱ्याने बांधूनच ठेवली आहे. छपाई झाली की बाकीचे खिळे सुटून आपापल्या खणात जातात, ही ओळ सुटत नाही. हजारो माणसांना मी अगत्याने बोलावलं आहे आणि शनिपेठेतल्या माझ्या खोलीचा उंबरा घरमालकाशिवाय कुणी ओलांडलेला नाही. रतिलालने आठ वर्षांत हे सगळं पाहिलं असणारच. तरी तो म्हणाला, जेवायला या. तेही आज, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. याच संध्याकाळी, जवळजवळ याच शब्दांत, मी माणसाचं ओरडा नसलेलं बोलणं पहिल्यांदा ऐकलं होतं, हे त्याला कुठून माहीत असणार?

घरी जाताना बाजारातून जावंच लागतं. रस्त्याच्या कडेला मोरक्या, गोंडे, घुंगरांच्या माळा, बेगडाचे तुकडे आणि मातीचे बैल मांडून माणसं बसली होती. शहरातल्या बायका मातीच्या बैलांचं शिंग तुटलेलं नाही ना, हे चष्मा सरकवून बघत होत्या. नव्या दोराचा वास आला आणि माझे पाय थांबले. हे मला नेहमी होतं. माझ्यात आधी नाक जागं होतं, मग बाकीचा मी. प्रेसमध्ये कुणाला ताप येणार असेल तर मला आदल्या दिवशी कळतं, आणि मी गप्प राहतो, कारण कसं कळलं हे सांगता येत नाही. दोराच्या त्या ढिगाऱ्यापाशी मी उगाचच एक दावं हातात घेतलं, पीळ चाचपला. विकणारा म्हणाला, "किती बैल शेतस भाऊ तुमना?" मी दावं खाली ठेवलं आणि चालू लागलो. मागून तो काही तरी पुटपुटला.

फैजपूरच्या शिवारात, गावापासून लांब, केळीच्या मळ्यात एक गोठा होता. तिथे मी सात वर्षं वाढलो. माझी आई मी जन्मल्यावर चौथ्या दिवशी गेली. बाप, लीलाधर त्याचं नाव, त्या मळ्यात सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. त्याने मला दुसऱ्या सालदाराच्या, पुनाच्या, हवाली केलं, चार दिवसांत येतो असं हाताने खुणावलं आणि तो सुरतेकडे निघून गेला. सोनगीरला आपल्या बहिणीला त्याने कार्ड टाकलं की बाळ-बाळंतीण दोघंही गेली. पुना जन्माचा मुका आणि बहिरा होता. वाईट माणूस नव्हता. त्याने मला गायीखाली धरलं, मी प्यायलो, त्याचं काम झालं. पुढे धरायची गरज उरली नाही. मी तिच्या पोटाशी झोपायचो, ती उठली की उठायचो, तिचं वासरू आणि मी एकाच आचळासाठी ढुशा द्यायचो आणि ती दोघांनाही चाटायची. तिची जीभ माझ्या पाठीवर अजून आहे. उन्हाळ्यात घामोळं उठलं की मला ती आठवते. तिला नाव नव्हतं. त्या गोठ्यात कुणालाच नाव नव्हतं, कारण हाक मारणारं कुणी नव्हतं. केळी कापायला मजूर यायचे तेव्हा मी गव्हाणीमागे दडायचो. ते मला पुनाचं येडं पोर समजून भाकरीचा तुकडा फेकायचे. तो मी वाकून तोंडाने उचलायचो. मला त्या गायीची आठवण येते. हे मी कुणापाशी बोललेलो नाही, पण येते, आणि आई म्हटलं की मला दुसरं काही आठवतच नाही.

मळ्याचे मालक तोताराम नाना फैजपूरला राहत. ते अधूनमधून येत, पुनाला खुणा करत, केळी बघत आणि जात. पण वर्षातून एका संध्याकाळी ते पितळेची वाटी घेऊन गोठ्यात येत. वाटीत तूप आणि हळद. बैलांच्या मानेवर, जिथे जू बसतं, तिथे ते सावकाश मळायचे. एरवी गुरांवर ओरडणारा तो माणूस त्या संध्याकाळी दबक्या आवाजात बैलाच्या कानाशी बोलायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एका बैलाला, मग दुसऱ्याला. बैल डोळे मिटून घ्यायचे. मी गायीच्या पोटाआडून बघायचो. दुसऱ्या दिवशी खरोखरच पुरणपोळ्या यायच्या. त्या सात वर्षांत माणसाचं जेवढं बोलणं कानावर पडलं त्यात ओरडा नसलेलं हे एकच. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. माणसाला कुणाच्या जवळ जायचं असलं की तो वाटी घेऊन येतो, खांदा मळतो आणि हे म्हणतो.

सातव्या वर्षी केळी भरायला आलेल्या एका ट्रकवाल्याने मला पाहिलं. तो मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीरला थांबायचा आणि माझ्या बापाला ओळखायचा; माझ्या तोंडवळ्यावरून मी कुणाचा ते त्याला कळलं. त्याने आत्याला सांगितलं, आणि शेवंताबाई आत्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून मला न्यायला आली. मी तिच्या मनगटाला चावलो. तो वण तिच्या मनगटावर मरेपर्यंत होता, आणि तो ती कुणाला दाखवत नसे. तिने मला नाव दिलं, चड्डी दिली, ताटात जेवायला शिकवलं. ताटात मी शिकलो, पण मान खाली घालून, डाव्या खांद्याने बाजूच्याला रेटत खायची सवय गेली नाही. गव्हाणीवर तसंच खावं लागतं. शब्द मला सुटे सुटे यायचे. पाणी. नको. आत्या. त्यांची ओळ होत नसे. सगळ्यात अवघड होते डोळे. जनावर डोळ्यांत बघत नाही, ते शेजारी येऊन उभं राहतं, अंगाला अंग टेकतं, की झालं. माणसं आधी डोळ्यांत बघतात आणि मग ठरवतात. मी शाळेत पोरांच्या शेजारी जाऊन उभा राहायचो, अंग टेकायचो. ती ढकलायची. मला वाटायचं, ढुशी देतात. मी पुन्हा जायचो.

झुलाल माझ्याच वर्गात होता. एकदा किल्ल्याच्या पायऱ्यांवर पडून त्याचा गुडघा फुटला, आणि मी वाकून तो चाटला. बाकीची पोरं ओरडत पळाली. झुलाल पळाला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "झोंबस रे." बस, एवढंच. त्या दिवसापासून झुलाल माझा होता. त्याला ते ठाऊक नव्हतं ही गोष्ट वेगळी. सोनगीरला माझा तिसरा पोळा आला. आदल्या संध्याकाळी गावभर बैलांचे खांदे मळले जाताना मी पाहिले आणि मला एकदम सगळं उमगलं. आत्याच्या फडताळातलं तूप घेतलं, हळद घेतली आणि झुलालच्या ओट्यावर गेलो. तिथे तो दोघा-तिघांबरोबर गोट्या खेळत होता. मी मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर खाली ओढली, त्याचे खांदे मळले आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण वाक्य. माझं मलाच नवल वाटलं, की शब्द असे एकामागे एक आपणहून आले. पोरं आधी गप्प झाली आणि मग हसून हसून लोळली. झुलालही हसला. हसणं म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळत नसे. तोंड उघडतं आणि आवाज येतो, म्हणजे ओरडा नाही, म्हणजे चांगलंच, असा माझा हिशोब होता. घरी जाऊन मी आत्याला म्हणालो, "पोरं. जेवाले. उद्या." आत्या चुलीपाशी बसून रडली. दुसऱ्या दिवशी तिने चार ताटांचं पुरण घातलं.

आणि पोरं आली. मला हाक मारत आली, "अभिमन, ए अभिमन!" माझ्या नावाने दारात हाक यायची ती पहिलीच वेळ. ती मला वेशीपाशी घेऊन गेली. अंगावर गेरूचे ठिपके दिले, पाठीवर गोणपाट टाकलं, कपाळाला बेगड चिकटवली, गळ्यात नवा दोर बांधला. "चाल रे भो, आते तू आमना बैल," असं झुलाल म्हणाला आणि दोर त्यानेच धरला. गावचे बैल निघाले त्यांच्या मागोमाग आम्ही निघालो. वाजंत्री पुढे, ओट्यांवर माणसं, आणि मी ओणवा, चार पायांवर. हे सांगताना माझे कान तापतात, पण खरं तेच सांगायचं तर मी इतका खूश कधी झालेलो नाही, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. घुंगरांचा आवाज, शेणाचा, गुलालाचा, घामाचा वास, दोराच्या पलीकडच्या टोकाला झुलालचा हात, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत असलेलं. मारुतीपाशी झुलालने पोळीचा तुकडा माझ्या तोंडात दिला. एक म्हातारा ओरडला, "सोडा रे त्या पोऱ्याले!" तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचाच राग आला. मिरवणूक संपल्यावर त्यांनी मला वेशीजवळच्या चिंचेला बांधलं. म्हणाले, "थांब, आम्ही येतस." मी थांबलो. बांधलेला होतो, म्हणजे घरचाच होतो. गोठ्यात परक्याला कुणी बांधत नाही. ऊन उतरलं, बैल घरोघर गेले, जेवणाचे वास आले आणि गेले. दिवेलागणीला आत्या शोधत आली. तिच्या घरी चार ताटं वाढून तशीच होती. तिने माझ्या गळ्यातला दोर बघितला, माझे हात बघितले, आणि म्हणाली, "सोडी का नही लिधं रे बाप? हात तं मोकया शेतस तुना." मी माझ्या हातांकडे पाहिलं. मोकळेच होते. दिवसभर मोकळे होते. त्या क्षणी मला हसणं कळलं, सकाळपासूनचं सगळंच्या सगळं एकदम कळलं. मी दोर सोडला, दोन पायांवर उभा राहिलो आणि आत्याच्या मागून घरी गेलो. त्यानंतर मी कुणाला जेवायला बोलावलं नाही.

रविवारी सकाळी मी तीनदा कपडे घातले आणि दोनदा काढले. न जाण्याची कारणं मला पुष्कळ सुचत होती, त्यातलं पोटाचं तर तयारच होतं. पण रतिलालने तो खिळा उचलून माझ्या तळहातावर ठेवला होता. टेबलावर ठेवला असता तरी चाललं असतं. एवढ्याशा गोष्टीला धरून मी पिंपराळ्यापर्यंत चालत गेलो. रतिलालचं घर दोन खोल्यांचं. त्याच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, पायांवर पाणी दिलं. आतल्या खोलीत पाटावर मातीचे दोन बैल आणि खाटेवर रतिलालचे वडील, जीवराम आबा. यावलकडची शेती झेपेना म्हणून विकली आणि म्हातारा दोन वर्षांपूर्वी शहरात आला, हे रतिलालने मशीनच्या आवाजात मला कधी तरी सांगितलं होतं. ताटं मांडली, आणि माझ्या डाव्या हाताला रतिलाल बसला. मी डोळे ताटावर ठेवले, पाठ ताठ ठेवली, पहिला घास माणसासारखा घेतला, दुसराही घेतला. पण पुरण तोंडात विरघळलं आणि माझी मान खाली गेली, खांदा बाहेर आला, आणि रतिलालला तो लागला. मला कळलं तेव्हा मी अर्धी पोळी संपवलेली होती. मी मान वर केली नाही.

"खाऊ दे," आबा खाटेवरून म्हणाले. "आमचा बांड्या बैल असाच खाये. मान वर नाई करायचा. दुसऱ्याले रेटे, पन दाना सांडू नाई दे." माझा हात ताटात थांबला. बैल हा शब्द मी वीसहून जास्त वर्षं टाळत आलो होतो. हसू येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. सुनंदाबाईंनी माझ्या पोळीवर तूप ओतलं. रतिलाल थोडा सरकून बसला, इतकंच. आबा आपल्याच नादात पुढे बोलत होते, "बांड्या इकला, त्याच्या जोडीचा इकला. दोन सालं झाले. पन पोया आला का हात राहत नाई. काल बी वाटी कालवली म्या. सून म्हने, आबा, मातीच्या बैलाले कुठी खांदा ऱ्हातो?" कोपऱ्यात पाटाशेजारी ती वाटी होती. पितळेची. तूप थिजलं होतं, हळद तळाशी बसली होती.

हात धुऊन मी परत आलो आणि जायला निघायच्या ऐवजी वाटीपाशी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. वाटीतल्या तुपाचा वास आला आणि बाकीचा मी त्याच्या मागे गेलो. आबांच्या मागे खाटेवर बसलो, त्यांच्या बंडीचा गळा खाली ओढला. त्यांच्या उजव्या खांद्यावर गाठ होती, निबर, वर्षानुवर्षं केळीचे घड वाहून झालेली. बोटांना ती जागा ओळखीची वाटली. मी मळायला लागलो. तूप उबेला विरघळलं. रतिलाल दारात उभा होता, सुनंदाबाई भांडी तशीच हातात धरून उभ्या होत्या. आता हसतील. आता नक्की हसतील. मी आबांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आबांनी डोळे मिटले होते. ते उघडले नाहीत. म्हणाले, "हे तं आमच्याकडचं बोलनं. तू सोनगीरचा ना?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "सोनगीरला नंतर आलो. मी गोठ्यातला. गुरांत वाढलो. गायीच्या दुधावर, गायीपाशीच. सात वर्षं."

"कोनाच्या गोठ्यातला?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती त्यांत हा नव्हताच. "तोताराम नानांच्या. फैजपूरच्या शिवारात."

"बरं," आबा म्हणाले. माझे हात अजून त्यांच्या खांद्यावर होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. "आवतन देलं तं पत्ता सांग. उद्या यायचं कुठी?"

बैल हे कधी विचारत नाहीत. झुलालनेही विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. शनिपेठ, पिठाच्या गिरणीच्या मागची गल्ली, जिन्याखालची खोली, दाराला हिरवा रंग आहे. माझ्या घराचा पत्ता मी आजवर मोठ्याने उच्चारलेला नव्हता, आणि तो इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. रतिलाल म्हणाला, "उद्या प्रेस सुटल्यावर. आबांना मी सायकलवर बसवून आणतो."

मग मला एकदम आठवलं. "माझ्याकडे ताट एकच आहे," मी म्हणालो.

"त्यात काय," सुनंदाबाई हातातली भांडी खाली ठेवत म्हणाल्या. "आम्ही आमची घेऊन येऊ."